ओपिनेल ८ नंबर : पावसाळ्यात अडकणारं पातं मोकळं करणं, आणि हिरड्याने चाकू काळा करणं

ओपिनेल म्हणजे घडीच्या चाकूंमधला सर्वांत साधा चाकू. लाकडी दांडा, एक पातं, एक रिव्हेट (पातं जिच्यावर फिरतं ती खीळ), एक स्थिर कॉलर आणि तिच्यावर फिरणारं कडं. बस, एवढंच. फ्रान्सच्या सावोआ भागात जोसेफ ओपिनेल यांनी तो १८९० मध्ये केला, १८९७ मध्ये त्याची १ ते १२ अशी मापं ठरली, आणि पातं उघडं असताना अडकवून ठेवणारं कडं १९५५ मध्ये आलं. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर आणि मिटलेला चाकू ११ सेंटिमीटर, म्हणून खिशासाठी लोक बहुधा हाच घेतात. ६ नंबरचं पातं ७ सेंटिमीटर असतं; खाली दिलेलं सगळं त्यालाही लागू आहे, फक्त मापं थोडी आखडती घ्या.

या चाकूत स्प्रिंग नाही. पातं जागेवर राहतं ते लाकडाच्या पकडीवर. दांडा बहुतेक वेळा बीचच्या लाकडाचा असतो, आणि बीच पाण्याला फार संवेदनशील. ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत हे लाकूड आडव्या अंगाने ११-१२ टक्के आकसतं. सागवान त्याच्या निम्मंच. हिवाळ्यात पुण्यात सहज उघडणारं पातं जुलैत रत्नागिरीला नखाने हलत नाही, त्याचं कारण हे. म्हणून ओपिनेलवर काम करायचं तर आधी पातं मोकळं करावं, मग दांड्याच्या रूपाकडे वळावं. नवशिके नेमकं उलट करतात. सुंदर काळा दांडा तयार होतो आणि पहिल्याच सरीला चाकू मिटलेला तो मिटलेलाच.

सुरुवात करण्याआधी पात्यावरचा शिक्का वाचा. ‘कार्बोन’ असेल तर ते गंजणारं पोलाद, सुमारे ०.९ टक्के कार्बनचं. ते काळं करता येतं. ‘इनॉक्स’ असेल तर ते स्टेनलेस. त्यावर शिरक्याचा (व्हिनेगरचा) काही परिणाम होणार नाही, तेव्हा पात्याचा भाग सोडून द्या आणि दांड्यापुरतंच काम करा.

सामान

पॉलिश पेपर १२०, १८०, २४० आणि ४०० नंबरचे, प्रत्येकी एक. सहा इंची स्टीलची पट्टी. १० मिलिमीटर व्यासाची गोल कानस. मास्किंग टेप आणि जाड पुठ्ठा. पांढरी व्हॅसलिन. रंगाच्या दुकानात मिळणारं डबल बॉइल्ड जवसाचं तेल, १०० मिली पुरे. साधा पांढरा शिरका, ४ टक्क्यांच्या आसपासचा, अर्धा लिटर. हिरड्याची भरड पूड ५० ग्रॅम, कुठल्याही काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. खायचा सोडा. आणि शुद्ध लोखंडाचा बारीक चोथा म्हणजे स्टील वूल, शून्य-शून्य नंबरचं. भांडी घासायची चकचकीत तारेची घासणी चालत नाही, कारण ती स्टेनलेस असते आणि शिरक्यात महिनाभर ठेवली तरी तशीच निघते. स्टील वूल नाही मिळालं तर लेथच्या दुकानातून मऊ लोखंडाचा कीस मागून आणा. जस्ताचा मुलामा दिलेले खिळे मात्र नकोत.

दांडा काळा करायला लागणारं लोखंडाचं पाणी, म्हणजे लोखंड विरघळलेला शिरका, मुरायला आठवडा लागतो, म्हणून ते पहिल्याच दिवशी लावून ठेवा. ५ ग्रॅम स्टील वूल साबणाने धुऊन (त्यावर तेल असतं) काचेच्या बरणीत घाला, वर २०० मिली शिरका ओता. झाकण नुसतं टेकवून ठेवा, घट्ट फिरवू नका. आत हायड्रोजन वायू तयार होतो. बरणी गॅसच्या शेगडीपासून लांब, खिडकीजवळ ठेवा. पाच ते सात दिवसांनी पाणी करडं-तांबूस दिसतं. ते सुती कापडाच्या चार पदरांतून गाळून घ्या.

पातं मोकळं करणं

आधी दांडा नीट वाळवा. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या सात-आठ पुड्यांसोबत चाकू तीन-चार दिवस ठेवला की पुरतं. उन्हात किंवा ओव्हनमध्ये ठेवू नका, कॉलरजवळ उभी चीर जाते. तुमचा चाकू आताच घट्ट बसला असेल आणि उघडतच नसेल, तर सावोआकडची युक्ती वापरा: कडं मोकळ्या खुणेवर फिरवा, दांड्याचं मागचं टोक टेबलाच्या काठावर एकदा-दोनदा टणकन आपटा. पातं दोन-तीन मिलिमीटर बाहेर येतं, मग ते चिमटीत धरता येतं. आपटताना अंगठा खाचेवर नसावा.

पातं दोन ठिकाणी धरलं जातं आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. एक म्हणजे दांड्यातली लांब खाच, जिथे मिटलेलं पातं बसतं. दुसरी जागा म्हणजे सांध्याजवळचे लाकडाचे दोन गाल, जे पात्याच्या बुडाला दोन्हीकडून दाबतात. कुठे अडतंय हे कळण्यासाठी पात्याच्या दोन्ही बाजूंना आणि बुडाला काळ्या परमनंट मार्करने रंग द्या, दहा वेळा उघडमिट करा आणि रंग कुठे पुसला ते पाहा. पुष्कळ चाकूंमध्ये दोष सांध्यात निघतो आणि लोक खाच घासत बसतात.

खाच घासायची असेल तर पातं पूर्ण उघडा, कडं फिरवून अडकवा, पात्यावर पुठ्ठ्याचं म्यान चढवून टेप लावा. १८० चा पेपर स्टीलच्या पट्टीवर दुमडून खाचेत घाला आणि लांबीच्या दिशेने घासा. दोन्ही भिंतींना सारखेच घासे द्या, प्रत्येकी वीस. मग तपासा. एका बाजूने ०.२ मिलिमीटर निघालं तरी खूप फरक पडतो. खाचेचा तळ घासू नका. पातं मिटल्यावर ते किती खोल बसतं हे तळाशी ठरतं. तळ खाली गेला तर धार लाकडावर आपटून बोथट होते.

सांध्यासाठी पातं अर्धं, काटकोनात ठेवावं लागतं, म्हणजे इथे कडं मदतीला येत नाही. धारेवर दुहेरी टेप लावल्याशिवाय हे काम करू नका. २४० च्या पेपरची ८ मिलिमीटर रुंद पट्टी कापा, खरखरीत बाजू लाकडाकडे ठेवून पात्याचं बूड आणि गाल यांच्या फटीत सरकवा आणि मागेपुढे ओढा. पट्टी फाटत राहिली तर मागून सेलोटेप लावा. दर दहा ओढींनंतर थांबून पाहा, कारण इथे काढलेलं लाकूड परत बसवता येत नाही. योग्य पकड कशी ओळखायची? कोरड्या हवेत, कडं मोकळं असताना चाकू उलटा धरून हलका झटकला तर पातं आपोआप उघडू नये, पण नखाने ओढल्यावर अडखळू नये. झटक्यासरशी उघडणारा चाकू ही हौस अनेकांना असते. इथे तिचा हट्ट धरू नका. खिशात कडं थोडं फिरलं तर तेच पातं आत उघडेल.

आता व्हॅसलिन. पातं अर्धं उघडून सांध्याच्या दोन्ही फटींत काडीने व्हॅसलिन भरा, हेअर ड्रायरने दोन मिनिटं गरम करा म्हणजे ती पातळ होऊन लाकडाच्या कापलेल्या तोंडांत शिरते, पुन्हा भरा, पुन्हा गरम करा. असं तीन वेळा. उघडमिट करून बाहेर आलेली पुसून टाका. लाकूड पाणी पितं ते मुख्यतः या कापलेल्या तोंडांतून, त्यामुळे दांड्याच्या बाहेरून पाच हात तेल देण्यापेक्षा इथली व्हॅसलिन जास्त उपयोगी. बरेच जण सगळा चाकूच जवसाच्या तेलात बुडवून ठेवतात. ते करू नका. जवसाचं तेल सुकताना चिकट होत होत घट्ट होतं, आणि सांध्यात ते सुकलं की डिंक ओतल्यासारखं पातं बसतं.

कडं फार घट्ट किंवा फार सैल असेल तर आत्ताच पाहा. ते बंद वर्तुळ नाही, एका बाजूला फट आहे. काढायचं असल्यास पातं मिटून, कड्याची फट दांड्याच्या खाचेसमोर आणून, बाहेरच्या सर्कलिपच्या पक्कडीने (दाबली की हिची टोकं फाकतात) फट ३-४ मिलिमीटर उघडा आणि पुढे सरकवून काढा. त्यापेक्षा जास्त ताणलं तर ते पुन्हा गोल होत नाही आणि कुलूप म्हणून निकामी होतं. सैल कडं मात्र काढावं लागत नाही. कापड गुंडाळून पक्कडीने हलकं दाबलं की झालं. आत वाळू, पिठाचे कण अडकलेले असतील तर टूथब्रश आणि स्पिरिट पुरे. रिव्हेट ठोकून काढायच्या भानगडीत पहिल्या चाकूवर पडू नका.

दांडा

कारखान्यातून दांड्यावर पारदर्शक वार्निश येतं. ते पूर्ण निघाल्याशिवाय रंग किंवा तेल आत जात नाही. पातं उघडं, अडकवलेलं, म्यानात. कडं आणि कॉलर टेपखाली. १२० ने लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा, आडवं कधीच नाही. आडवे ओरखडे काळ्या रंगात दुप्पट उठून दिसतात. वार्निश गेलं का हे पाण्याच्या एका थेंबाने कळतं. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर अजून आहे, पसरून मुरला तर गेलं. मग १८०, मग २४०. नाकावर मास्क असू द्या, बीचची धूळ फुप्फुसांना वाईट.

याच टप्प्यावर आकार बदलायचा तर बदला. सर्वांत उपयोगी बदल म्हणजे चिमटीची खाच: पातं मिटलेलं असताना नखाची खोबण जिथे येते, त्याच्या दोन्ही बाजूंना दांड्याच्या वरच्या काठावर अर्धगोल घळ पाडायची, म्हणजे नखाऐवजी अंगठा आणि तर्जनीने पातं धरून उघडता येतं. पावसाळ्यात आणि सांधेदुखी असणाऱ्या हातांना हा बदल फार मोलाचा. पातं मिटून पेन्सिलने खोबणीचं मधलं ठिकाण खुणावा. नंतर पात्याची रुंदी मोजा, आणि ठरवा की घळ कुठेही धारेच्या ५ मिलिमीटरपेक्षा जवळ जाणार नाही. साधारण १५ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर खोल घळ पुरते. गोल कानशीने काम करताना पातं उघडं ठेवा, नाहीतर कानस पात्यावर ओरखडे काढेल. तपासताना मिटा, दोन्ही बाजूंनी बोट फिरवून धार कुठे लागत नाही ना ते पाहा. लागली तर आणखी घासू नका; उपाय उरत नाही.

दोरीसाठी भोक हवं असेल तर जपून. दांडा ११ सेंटिमीटर आणि पात्याचं टोक खाचेत बरंच मागपर्यंत जातं, त्यामुळे भरीव लाकूड शेवटी थोडंच उरतं. बारीक तार खाचेत घालून ती कुठे टेकते ते बाहेरून खुणावा. त्या खुणेच्या आणि टोकाच्या मधोमध ३ मिलिमीटरचं बिट, मागे फळीचा तुकडा दाबून धरलेला, ड्रिल सावकाश. फळी नसली तर पलीकडच्या बाजूला लाकडाचा ढलपा उडतो.

हिरडा आणि लोखंड

जुन्या काळी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा एक क्षार) यांपासून काळी शाई करत. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, लोखंडाच्या क्षाराला भेटलं की निळसर काळा रंग धरतो. दांडा आणि पातं, दोन्ही काळं करायला आपण हीच क्रिया वापरतो, फक्त उलट्या बाजूंनी: लाकडात लोखंड नाही म्हणून ते बाहेरून द्यायचं, पात्यात लोखंड आहेच म्हणून त्याला नुसतं टॅनिन पुरतं. ओक किंवा बाभळीसारख्या लाकडात टॅनिन भरपूर असतं, त्यांना लोखंडाचं पाणी लावलं की झालं. बीचमध्ये ते कमी आहे. हिरडा न लावता नुसतं लोखंडाचं पाणी फासलं तर दांडा मळका राखाडी होतो, आणि मग दोष शिरक्याला दिला जातो.

दोन चमचे हिरडापूड १५० मिली उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, गाळा, गार होऊ द्या. लोखंडी कढई किंवा लोखंडी चमचा वापरलात तर काढा तिथेच काळा होईल. ब्रशने दांड्याला पातळ हात द्या. पाणी वाहून सांध्यात जाता कामा नये. ब्रश टिपून घ्या. एक तासाने दुसरा हात. पूर्ण सुकल्यावर (पावसाळ्यात रात्रभर) लाकडाचे रोम उभे राहिलेले दिसतील, ते ४०० ने हलके उतरवा, रंगापर्यंत घासू नका. आता दुसऱ्या ब्रशने लोखंडाचं पाणी. पाच मिनिटांत दांडा डोळ्यांसमोर काळा होतो. एकच ब्रश दोन्हींत बुडवला तर बरणीत शाईच तयार होते आणि दांड्यावर डाग पडतात. पंधरा मिनिटांनी पुन्हा हिरड्याचा एक हात दिला की उरलेलं लोखंडही रंगात जातं. हा तिसरा हात वगळणाऱ्यांच्या दांड्यावर आठवड्याभरात तांबूस छटा येते. ओल्या, पिळलेल्या फडक्याने पुसा आणि एक दिवस सुकवा.

मग जवसाचं तेल. फडक्याने पातळ लावा, वीस मिनिटांनी उरलेलं सगळं कोरडं पुसा, चोवीस तास थांबा. असे तीन हात. दांडा चिकट राहिला तर त्याचा अर्थ तेल कमी पडलं असा नाही, पुसणं कमी पडलं. खोबरेल किंवा शेंगदाणा तेल दांड्याला लावू नका. खोबरेल सुकतच नाही, शेंगदाण्याला खवट वास येतो. एक गोष्ट गंभीरपणे घ्या: जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती स्वतःच तापून पेट घेऊ शकते. बाहेर दोरीवर एकेरी पसरून वाळवा, किंवा पाण्यात भिजवून मग टाका.

पातं

भांड्यांच्या साबणाने धुवा, कोरडं करा, स्पिरिटने पुसा. यानंतर पात्याला बोट लावू नका. बोटाच्या तेलाचा ठसा तसाच पांढरा राहतो. अरुंद ग्लासात कोमट शिरका घ्या आणि पातं टोक खाली करून बुडवा, कॉलरपासून ५ मिलिमीटर अलीकडेच थांबा. शिरका सांध्यात गेला तर रिव्हेटजवळ आतून गंज चढतो आणि तो दिसतही नाही. दहा मिनिटांनी काढा, वरची काळी काजळी कागदाने पुसा, पुन्हा दहा मिनिटं. असे तीन फेरे झाले की करडा रंग बसतो. मग पातं हिरड्याच्या ताज्या काढ्यात दहा मिनिटं धरा. करड्याचा निळसर काळा होतो. शेवटी चमचाभर सोडा घातलेल्या पाण्याने धुवा, लगेच कोरडं करा, औषधाच्या दुकानातल्या लिक्विड पॅराफिनचा एक थेंब पसरा.

काळा थर हा गंजरोधक मुलामा नव्हे. तो गंज लांबवतो, थांबवत नाही. केशरी ठिपके दिसले तर तेलात बुडवलेल्या स्टील वूलने तेवढीच जागा घासा आणि पुन्हा करा. लिंबू किंवा कैरी कापली की थर फिका होतो, कांदा-बटाट्याने पुन्हा चढतो. काही दिवसांत पातं आपला रंग स्वतः ठरवतं. पहिल्या तीन-चार वापरांत कापलेल्या फळाला किंचित लोखंडी चव लागते, म्हणून सुरुवात पेरूऐवजी सुतळी-पुठ्ठ्यावर करा.

धार सगळ्यात शेवटी, कारण आम्ल धारेचं टोक खातं. पातं जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर जाड आहे, बाजारातला काळा कार्बोरंडमचा खडबडीत दगड त्यावर चालवू नका. महिन्याभराचं पोलाद एका बैठकीत जातं. १००० नंबरचा पाण्याचा दगड घ्या. कोन मोजायची सोपी पद्धत: पात्याची रुंदी मोजा आणि तिच्या एक तृतीयांश इतकं कण्याकडचं (धारेच्या विरुद्ध बाजूचं) अंग दगडावरून वर उचला, साधारण १९ अंश येतात. १८ मिलिमीटर रुंदीला ६ मिलिमीटर. एका बाजूने घासत राहा, जोवर दुसऱ्या बाजूला धारेच्या पूर्ण लांबीवर बोटाला बारीक खरखर लागत नाही. मग बाजू बदला. टोकाजवळ पातं वळतं तिथे दांडा किंचित उचलावा लागतो, नाहीतर टोक बोथटच राहतं. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर, कण्याकडे ओढत, वीस वेळा.

चाकू मिटून कडं बंद खुणेवर फिरतं का ते पाहा (२००० पासूनच्या चाकूंत ते मिटलेल्या पात्यालाही अडकवतं). विमानात तो हातातल्या बॅगेत नको, चेक-इनच्या सामानात टाका. पावसाळ्यात महिन्यातून एकदा सांध्यात पुन्हा व्हॅसलिन, ड्रायर, उघडमिट; दांड्याला वर्षातून एकदा तेल.